वाट चुकलेला जंत

डोळा दोन-तीन दिवस लाल असतो. खुपतं, पाणी येतं. धूळ गेली असेल म्हणून माणूस गार पाण्याचे हबके मारतो. मग एका संध्याकाळी घरातलं कुणीतरी उजेडात नीट बघतं आणि दचकतं. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, पातळ पडद्याच्या आत, एक बारीक पांढरा जंत हळूहळू सरकत असतो. "डोयामा कायतरी वयवयस" (डोळ्यात काहीतरी वळवळतंय) हे वाक्य ज्या घरात उच्चारलं जातं तिथे त्या रात्री कुणाला झोप लागत नाही. कुणी म्हणतं आता मेंदूत जाईल, कुणी म्हणतं सगळ्या अंगात झाले असतील, कुणी कडुलिंबाच्या पाल्याचा रस डोळ्यात घालायला सांगतं.

रस अजिबात घालायचा नाही. बाकीची भीतीही बहुतांशी निराधार आहे. असा जंत जवळजवळ नेहमी एकटाच असतो. डोळ्यांचे डॉक्टर तेवढ्याच जागेपुरती भूल देतात, छोटासा छेद घेतात आणि तो अख्खा बाहेर काढतात. आजार तिथेच संपतो. मात्र तो आला कुठून, हे कळायला हवं. तो माणसाचा जंत नाहीच. तो कुत्र्याचा, कोल्ह्याचा, लांडग्याचा जंत आहे आणि डासाने तो आपल्यात आणून सोडलेला असतो.

त्याचं शास्त्रीय नाव डायरोफिलारिया रेपेन्स. राय्ये आणि आंरी या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९११ साली त्याचं वर्णन केलं. मादी १० ते १७ सेंटिमीटर लांब, नर तिच्या निम्म्याहून लहान. कुत्र्याच्या कातडीखाली हे नर-मादी राहतात, तिथेच त्यांचा संसार होतो आणि मादी कुत्र्याच्या रक्तात हजारो सूक्ष्म पिल्लं सोडते. एकेक पिल्लू मिलिमीटरच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढं, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. कुत्र्याला बहुतेक वेळा याचा पत्ताही नसतो. तो खातो, भुंकतो, राखण करतो, आणि त्याच्या रक्तात ही पिल्लं फिरत राहतात.

पण ती कुत्र्यातच मोठी होऊ शकत नाहीत. त्यासाठी त्यांना डासाच्या पोटात जावं लागतं, आणि या साखळीतला सगळ्यात नवलाचा भाग इथेच आहे. डास कुत्र्याचं रक्त पितो तेव्हा पिल्लं त्याच्या पोटात जातात. पोटात न थांबता ती डासाच्या उत्सर्जन नलिकांत शिरतात. आपल्या मूत्रपिंडाचं जे काम, ते डासात या नलिका करतात. तिथे ती दोनदा कात टाकतात. हवा उबदार असेल तर दहा-बारा दिवसांत ती तयार होतात. थंडी वाढली की वाढ मंदावते आणि साधारण १४ अंशांच्या खाली थांबते. तयार झालेल्या अळ्या नलिका फोडून निघतात आणि डासाच्या डोक्याकडे, सोंडेच्या आवरणात जाऊन थांबतात. डास पुन्हा चावायला बसला की सोंडेचं आवरण वाकतं, अळ्या त्यातून कातडीवर उतरतात आणि डासाने केलेल्या भोकातून आत शिरतात. म्हणजे डास जंत टोचत नाही. तो दार उघडतो आणि अळी स्वतःच्या अंगबळाने आत जाते.

ही गोष्ट कळायलाही बराच काळ लागला. माणसाच्या रक्तात अशी सूक्ष्म पिल्लं असतात हे टिमथी लुईस या डॉक्टरने १८७२ साली कलकत्त्यात दाखवलं. पुढे १८७७ साली चीनमधल्या आमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन यांनी ती डासाच्या पोटात वाढतात हे पाहिलं. कीटकाच्या शरीरात माणसाचा परजीवी वाढतो हे त्याआधी कुणी दाखवलेलं नव्हतं. रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत मलेरियाचा परजीवी डासात पाहिला तो त्यानंतर वीस वर्षांनी. पण मॅन्सन यांचा समज असा होता की डास पाण्यात मरतो आणि ते पाणी प्यायल्याने माणसाला लागण होते. डासाच्या सोंडेतच अळ्या सापडल्या त्या १९०० साली, आणि मग चावण्याचा मार्ग स्पष्ट झाला.

आता तोच डास कुत्र्याऐवजी माणसाला चावला तर? अळी आत जाते, पण तिला हवं ते शरीर हे नसतं. भुसावळ जंक्शनला अपरात्री चुकीच्या गाडीत चढलेल्या माणसाचा प्रवास तर होतो, पण त्याचं गाव काही येत नाही. या अळीचं तसंच होतं. आपलं शरीर तिला परकं, आणि ती आपल्या शरीराला परकी. बहुतेक अळ्या आपली प्रतिकारशक्ती आधीच मारून टाकते आणि आपल्याला कळतही नाही. एखादी तगते, कातडीखालून महिनोन्महिने भटकते, थोडीफार मोठी होते. जोडीदार जवळपास कधीच मिळत नाही, म्हणून पिल्लं होत नाहीत.

ही एक गोष्ट डोक्यात ठेवली की बाकीचं आपोआप उलगडतं. रक्ताच्या तपासणीत काही का सापडत नाही? कारण रक्तात पिल्लंच नाहीत. याला अपवाद अगदी क्वचित. घरातल्या दुसऱ्याला हा आजार का होत नाही? डासाने आपल्या रक्तातून उचलून न्यावं असं काही नसतंच. पोटात घ्यायच्या औषधांचा कोर्स बहुधा का लागत नाही? एकच जंत आहे, तो काढला की संपलं. आणि कुत्र्याला हात लावल्याने, त्याने चाटल्याने किंवा तो अंगणात झोपल्याने हा जंत का लागत नाही? कुत्र्याच्या रक्तातलं पिल्लू डासात राहून आल्याशिवाय आपल्याला लागण करूच शकत नाही. मुलाने कुत्र्याला कुरवाळलं म्हणून मुलाला ओरडू नका. मुलगा डासांत झोपला तर मात्र काळजी घ्या.

डोळा हे त्याचं एकच ठिकाण नाही. ते डोळ्याला जाणवतं म्हणून लवकर लक्षात येतं, एवढंच. पुष्कळदा तो कातडीखाली एका जागी थांबतो, शरीर त्याला चहूबाजूंनी वेढून टाकतं आणि तिथे वाटाण्याएवढी किंवा त्याहून मोठी गाठ होते. पापणीवर, गालावर, हातावर, छातीवर, कधी स्तनात. गाठ महिनोन्महिने तशीच राहते, अधूनमधून खाजते, काही जणांत जागाही बदलते. स्तनातली गाठ म्हटलं की बाईच्या मनात पहिला विचार कॅन्सरचा येतो, आणि तो यायलाच हवा. कुठलीही नवी गाठ डॉक्टरांना दाखवायचीच. ती काढून तपासल्यावर आत गुंडाळलेला जंत निघाल्याच्या नोंदी आहेत. लेप लावून, शेकून किंवा फोडून गाठ घालवायच्या नादात महिने घालवणं हाच खरा धोका, कारण गाठ दुसऱ्याच कशाची असली तर तो वेळ भरून येत नाही.

याच कुळातला दुसरा जंत, डायरोफिलारिया इमायटिस, कुत्र्याच्या हृदयाच्या उजव्या बाजूला आणि फुप्फुसाच्या धमन्यांत राहतो. कुत्र्याचा तो जीव घेऊ शकतो. माणसात तो फुप्फुसात जाऊन मरतो आणि छातीच्या एक्स-रेवर नाण्याएवढा गोल डाग दिसतो. कॅन्सरच्या संशयावरून छाती उघडून असे डाग काढल्याची उदाहरणं अमेरिकेसारख्या देशांत आहेत. भारतात माणसांत मुख्यतः रेपेन्सच आढळतो आणि सर्वाधिक रुग्ण केरळमधून नोंदले गेले आहेत. शेजारच्या श्रीलंकेतही तो नेहमीचा आहे. इटली, रशिया, युक्रेन या थंड मुलखांतही पुष्कळ रुग्ण आहेत. तेव्हा हा फक्त गरिबांचा किंवा फक्त दमट हवेचा आजार, हा समज चुकीचा आहे.

मोबाइलवर डोळ्यात जंत वळवळताना दाखवणारे व्हिडिओ फिरतात. त्यांतले बरेचसे आफ्रिकेतल्या लोआ लोआ या जंताचे असतात. तो एका प्रकारच्या चावऱ्या माशीमुळे होतो आणि मध्य व पश्चिम आफ्रिकेतच आढळतो. तो व्हिडिओ पाहून आपल्या रुग्णाचं काय होणार हे ठरवू नये.

हत्तीरोगाशी मात्र गल्लत फार होते, आणि ती समजण्यासारखी आहे. तोही डासातूनच येतो, जंतही त्याच मोठ्या कुळातला. पण आपल्याकडे हत्तीरोग करणारा वुचेरेरिया बँक्रॉफ्टी हा माणसाचाच जंत आहे. त्याचा संसार आपल्या लसिकावाहिन्यांत होतो, पिल्लं रात्री रक्तात येतात, म्हणून रक्ताचा नमुना रात्री घेतात. तो माणसाकडून डासात आणि डासातून माणसात जातो, म्हणूनच गावातल्या सगळ्यांनी एकाच वेळी गोळ्या घेतल्या तर साखळी तुटते. कुत्र्याच्या जंतावर तो उपाय चालत नाही. माणसांना कितीही गोळ्या दिल्या तरी साठा कुत्र्यांत आणि कोल्ह्यांत राहतोच. शाळेत १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला मिळणारी जंतनाशक गोळी तर तिसऱ्याच जंतांसाठी आहे. ते मातीतून पोटात जातात. ती गोळी मुलांनी जरूर घ्यावी, पण तिने डासातून येणारा जंत थांबेल ही अपेक्षा नको.

दोन्हींच्या मधलाही एक प्रकार आहे. ब्रुगिया मलायी हा जंत माणसाला हत्तीरोग करतो, आणि आग्नेय आशियातल्या जंगलांत त्याचा एक प्रकार वानरांत आणि मांजरांतही राहतो. मलेशियात जंगलाकडेच्या वस्त्यांत म्हणूनच तो आटोक्यात आणणं अवघड गेलं. माणसांवर उपचार होत राहिले आणि वानरांच्या रक्तात जंत सुरक्षित राहिला.

डास सोडून माश्यांकडे वळू. एका लहानशा माशीला अश्रू प्यायला आवडतात. फॉर्टिका तिचं नाव, फळांवर घोंघावणाऱ्या बारीक माश्यांची ती नातेवाईक. कुत्रा, कोल्हा, ससा, माणूस, ज्याच्या डोळ्यातून पाणी येतं त्याच्या डोळ्याशी ती जाते आणि अश्रूंतून थेलाझिया कॅलिपेडा या जंताच्या अळ्या घेते किंवा सोडते. हा जंत पापणीच्या आत, डोळ्याच्या पृष्ठभागावर राहतो. लांबी दोन सेंटिमीटरपर्यंत. गंमत म्हणजे १९१० साली त्याचं पहिलं वर्णन झालं ते तेव्हाच्या पंजाबातल्या एका कुत्र्याच्या डोळ्यातून, आणि तेही याच राय्ये-आंरी जोडीने केलं. रेपेन्सपेक्षा हा वेगळा, कारण एका डोळ्यात तो एकाहून जास्त असू शकतो. डॉक्टर डोळा धुऊन चिमट्याने ते काढतात आणि पुन्हा तपासायला बोलावतात. ती दुसरी तपासणी चुकवायची नाही.

गुरं पाळणाऱ्यांना डोळ्यातला जंत नवा नाही. बैलाच्या, म्हशीच्या डोळ्यातून सतत पाणी, चिपड, बुबुळावर पांढरी झाक असं दिसलं की जाणता माणूस पापणी उलटून बघतो. गुरांच्या डोळ्यांतले थेलाझिया वेगळ्या जातींचे, आणि ते नेणारी माशी म्हणजे शेणावर वाढणारी, गुरांच्या तोंडाभोवती बसणारी माशी. त्यातली एक जात माणसालाही लागू शकते हे २०१६ साली अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात दिसलं. एका तरुणीच्या डोळ्यातून १४ जंत निघाले. गोठ्यातलं शेण रोज उचलून उकिरडा घरापासून लांब नेला की माशी कमी होते. बैलाचा डोळा वाचतो, आपलाही.

तिसरा मार्ग कीटक चावण्याचा नाही, कीटक पोटात जाण्याचा आहे. हायमेनोलेपिस डिमिन्युटा हा उंदराचा फीतकृमी. उंदराच्या लेंडीतली त्याची अंडी धान्यात-पिठात होणारे किडे खातात, आणि किड्याच्या अंगात अळी तयार होते. तो किडा भाकरीच्या पिठातून पूर्ण न शिजता किंवा मुलाने मूठभर कच्चं धान्य तोंडात टाकल्यामुळे पोटात गेला की आतड्यात फीतकृमी वाढतो. मुलांतच तो जास्त सापडतो. कणगीतल्या दादर ज्वारीला किडे लागू न देणं आणि उंदरांना घरात थारा न देणं एवढं केलं तर हा जंत येत नाही. पीठ चाळून घ्यायची जुनी सवय याही कारणाने चांगली. कुत्र्याच्या पिसवांतूनही असाच एक फीतकृमी लहान मुलांना होतो, पिसू चुकून तोंडात गेली तर. दोन्हींवर औषध आहे आणि ते लागू पडतं.

वयस्कर माणसांना नारू आठवत असेल. पायाच्या फोडातून निघणारा हातभर लांब जंत, काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढून काढायचा. तो कीटकातून येत नव्हता, पायऱ्यांच्या विहिरीतल्या पाण्यातल्या सायक्लॉप्स या बारीक जीवातून येत होता. पाणी गाळून प्यायल्याने, विहिरी बांधून आणि हातपंप बसवून भारताने तो संपवला. शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. इथे त्याची आठवण काढायचं कारण वेगळं आहे. १९८६ साली जगात नारूचे सुमारे ३५ लाख रुग्ण होते, आता वर्षाला बोटांवर मोजण्याइतके सापडतात, तरीही तो पृथ्वीवरून गेलेला नाही. आफ्रिकेतल्या चाड देशात २०१२ पासून तो कुत्र्यांत मोठ्या प्रमाणावर सापडू लागला. माणसातून जंत गेला तरी प्राण्यात राहिला तर काम पुरं होत नाही, हे तिथे रोज अनुभवाला येतं आहे.

खान्देशात या साखळीचे सगळे दुवे हाताशी आहेत. सातपुड्याच्या कुशीत, यावल आणि अनेर धरणाच्या अभयारण्यांच्या आजूबाजूला रान आणि वावर यांच्यात कुंपण नाही. कोल्हा केळीच्या बागेत येतो, पहाटे परततो. त्याच बागेत सालदाराचा कुत्रा राखणीला असतो. साक्रीकडच्या ठेलारी मेंढपाळांचे कुत्रे वर्षातले कित्येक महिने रानातच रात्र काढतात. डासाला कोल्हा आणि कुत्रा यांत फरक वाटत नाही, आणि शेजारी खाटेवर झोपलेला माणूसही त्याला चालतो.

आणि डासांना पाणी आपणच देतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, घरोघरी कूलर लागतात. टाकीतलं पाणी आठवडाभर बदललं जात नाही. पावसाळा आला की कूलर गच्चीवर किंवा ओट्यावर जातो, तळाशी चार बोटं पाणी तसंच. एडिस डास तिथेच अंडी घालतो. ही अंडी टाकीच्या कडेला चिकटतात, कोरडी पडली तरी महिनोन्महिने जिवंत राहतात आणि पुढच्या उन्हाळ्यात पाणी पडलं की उबतात. म्हणून कूलर ठेवताना नुसता रिकामा करून चालत नाही, टाकी काथ्याने घासायला हवी. वावरात ठिबकमधून खत सोडायला ठेवलेले उघडे ड्रम, बांधावरचे जुने टायर, गुरांचे हौद, गावातली उघडी गटारं, हे सगळं यात आलं. ड्रमवर कापड बांधलं तरी पुष्कळ होतं. शेततळ्यात गप्पी मासे सोडता येतात. रात्री रानात झोपणाऱ्याने मच्छरदाणी न्यावी. ओझं फार नाही.

कुत्र्याचं बघणंही आपल्याच हातात आहे. पाळलेल्या कुत्र्याच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर पिल्लं दिसतात. ती रात्री जास्त असतात, म्हणून नमुना संध्याकाळनंतर घेतलेला बरा. प्रतिबंधाची औषधं पशुवैद्यक देतात. शेतातल्या गुरांचं इंजेक्शन उरलं म्हणून कुत्र्याला टोचू नये. काही जातींच्या कुत्र्यांना ते औषध जिवावर बेततं, आणि रक्तात पिल्लं खूप असताना ती एकदम मेली तरी कुत्रा कोसळू शकतो. कोल्ह्याला मारून काहीच साधत नाही. माणसापर्यंत पोचणाऱ्या जंताचा मोठा साठा गावातल्या कुत्र्यांत असतो, आणि कोल्हा गेला की त्याने खाल्ले असते ते उंदीर आपल्या पिकात उरतात. १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षणही आहे.

डोळ्यात जंत दिसला तर डोळा चोळू नये, काही घालू नये, घरच्या चिमट्याने ओढू नये. तुटला तर आत राहिलेल्या तुकड्याने सूज येते. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा, कारण जंत सरकत असतो आणि दिसतोय तोवर काढणं सोपं. शक्य झालं तर मोबाइलवर जवळून व्हिडिओ काढून ठेवावा. दवाखान्यात पोचेपर्यंत तो आड गेला तर डॉक्टरांना तेवढाच पुरावा असतो.

आणखी एक विनंती डॉक्टरांनाही आहे आणि रुग्णालाही. काढलेला जंत कचऱ्यात टाकू नका. छोट्या बाटलीत स्पिरिटमध्ये ठेवा आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात द्या. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. रेपेन्सच्या कातडीवर लांबीच्या दिशेने बारीक रेघा असतात, इमायटिसची कातडी गुळगुळीत असते, एवढं सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. पण फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या जंताची जनुकीय तपासणी नीट होत नाही, म्हणून स्पिरिट. २०१२ साली हाँगकाँगमधल्या रुग्णांत आणि कुत्र्यांत रेपेन्ससारखीच दिसणारी एक वेगळी जात सापडली ती जनुकीय तपासणीमुळेच, आणि पुढे ती केरळमध्येही निघाली. खान्देशातल्या कुत्र्यांत, कोल्ह्यांत आणि माणसांत नेमकी कुठली जात फिरते आहे, हे इथल्या बाटल्या प्रयोगशाळेपर्यंत पोचल्या तरच कळेल.